वाचकांचे प्रश्न : पाद्र्यांच्या पोथ्या आणि त्यात राबलेली आपली माणसं

मागच्या अंकात जुन्या पोथ्यांबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्र्यानं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण नावाचं अख्खं पुराण रचलं आणि लोकांनी ते हातानं उतरवून घेऊन जपलं. बाकीचा लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. काही कुतूहलाची, काही रागाची, आणि एकात तर सरळ किंमतच विचारलीय. म्हणून यावेळी दुसरे विषय थांबवलेत, सातबाऱ्यावर विचारणाऱ्या कोरेगावच्या काकांनी एक महिना दम धरावा.

सर, शाळेत आम्हाला "जैसी हरळांमाजी रत्नकिळा" होती, खाली फादर स्टीफन्स एवढंच नाव. हा माणूस नक्की कोण, इंग्रज असून मराठीत कसा काय लिहायला लागला, आणि त्याची मूळ वही अजून कुठं आहे का?
— कॉलेजात शिकणारी एक वाचक, कराड

तोच तो. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडातल्या विल्टशरचा, जन्म १५४९ च्या आसपासचा. तिकडं तेव्हा कॅथलिक लोकांचे दिवस वाईट होते, हा रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांच्या एका संघाचा पाद्री, झाला आणि लिस्बनहून जहाजात बसून ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. ईस्ट इंडिया कंपनी निघायलाच अजून एकवीस वर्षं होती. नंतर तो मायदेशी गेलाच नाही, १६१९ ला इकडंच वारला, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी सासष्टीत, मडगाव-राशोल पट्ट्यात. आता एवढी वर्षं एखाद्या मुलखात काढली की बोलायला येणारच, पण कामापुरतं बोलणं वेगळं आणि ओवीत विचार करता येणं वेगळं, आणि याला ते दुसरं जमलं म्हणून तो तुझ्या पाठ्यपुस्तकात आला.

पुराण छापलं १६१६ मध्ये, राशोलला. काळ ध्यानात यावा म्हणून सांगतो, आपण ज्यांच्यासाठी सज्जनगड चढतो ते समर्थ तेव्हा आठ वर्षांचे होते, एकनाथांना जाऊन सतरा वर्षं झाली होती, आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून चौदा वर्षं होती. पुस्तकाचे दोन भाग, पैलें पुराण आणि दुसरें पुराण. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या, बायबलातल्या जुन्या कराराच्या गोष्टी, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अध्यायाला तो अवस्वरु म्हणतो, असे ३६ आणि ५९, सगळ्या मिळून ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या घरात जाते, त्याहून हे मोठं बाड आहे.

पण एक गंमत बघ. भाषा मराठी, छंद ओवीचा, छापलं मात्र रोमन लिपीत, आपण इंग्रजी कीबोर्डवर मराठी मेसेज टाकतो अगदी तसं. त्याची स्वतःची इच्छा वेगळी होती. १६०८ मध्ये त्यानं रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की इथल्या भाषेत आणि इथल्याच अक्षरांत पुस्तकं छापावीत असं फार वर्षांपासून मनात आहे, पण युरोपात चोवीस अक्षरांत भागतं तिथं इकडं सहाशे साचे पाडावे लागतात. काना-मात्रा, उकार, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खिळा वेगळा. ते काही झालं नाही आणि रोमनवर निभावून न्यावं लागलं.

मूळ वहीचं म्हणशील तर त्याच्या हातची म्हणता येईल अशी वही सापडलेली नाही. त्याहून विचित्र म्हणजे छापील प्रतीसुद्धा नाहीत! १६१६, मग १६४९, मग १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हीतली एक प्रत आज कुणाकडं असल्याचं माहीत नाही. आपल्यापर्यंत जे आलं ते लोकांनी उतरवून घेतलेल्या वह्यांमधनं आलं. गोव्यातनं कानडा किनाऱ्याला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत या वह्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या, आणि १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाना यांनी अशा पाच वह्या समोर ठेवून पुस्तक परत छापलं. म्हणजे छापखान्याचा माल संपला आणि हातानं लिहिलेलं टिकलं, नेहमीच्या उलट.

आणि पुढं अजून एक भानगड आहे. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये विल्यम मार्सडेन नावाच्या अभ्यासकाचा जुना संग्रह आहे, त्यात या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत निघाली. ती ओळखली जस्टिन ॲबट यांनी आणि १९२३ मध्ये तसा लेख लिहिला. हे ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे ज्या मिशनची ठाणी सातारा आणि वाईला होती तेच मिशन, आणि आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे पण हेच. त्या नागरी प्रतीत रोमन प्रतींतले बरेच पोर्तुगीज शब्द नाहीत, त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. ॲबट यांचं म्हणणं हाच मूळ पाठ. सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत, काहींना वाटतं की नंतर कुणीतरी पाठ शुद्ध करून नागरीत उतरवला. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण छापण्यासाठी लिहिताना पोर्तुगीज वरिष्ठांची मंजुरी लागायची आणि धर्माच्या नाजूक गोष्टींना त्यांचेच ठरलेले शब्द हवे असायचे, ते शब्द मुळातच असणार. पण तू एमए-बिएमए करणार असशील तर हा विषय घे, दोन्ही पाठ आज छापील मिळतात आणि ओवीला ओवी लावून बघायचं काम अजून भरपूर शिल्लक आहे.

परका माणूस इतकं रसाळ मराठी लिहील हे मला पटत नाही. कोणीतरी पंडितानं लिहून दिलं असणार आणि नाव पाद्र्याचं लागलं असणार. तीस वर्षं मराठी शिकवलंय, म्हणून विचारतो.
— निवृत्त शिक्षक, तासगाव

गुरुजी, तुमची शंका निम्मी बरोबर आहे. स्टीफन्सच्या बाबतीत "लिहून दिलं" म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्यानं तिथल्या बोलीचं व्याकरण लिहिलंय, ते त्याच्यामागं १६४० मध्ये राशोलला छापलं, आणि ते चाळलं तरी कळतं की याला विभक्ती आणि क्रियापदांची घडी आतून माहीत होती. उसनं मराठी असलेल्याला व्याकरण लिहिता येत नाही. पण ओवीचा कान त्याला कुणी दिला? तो दिला कीर्तनकारांनी, पोथी वाचणाऱ्यांनी, त्याच्याकडं शिकवणीला येणाऱ्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांनी. त्यांची नावं पुस्तकावर नाहीत, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली खरी गोष्ट हीच आहे, की जगभर जिथं जिथं मिशनऱ्यांनी स्थानिक भाषेत धर्माची पुस्तकं लिहिली तिथं तिथं स्थानिक माणसं बरोबर बसलेली होती, कधी नावासकट आणि बहुतेक वेळा नावाशिवाय.

नावासकटचं उदाहरण मेक्सिकोचं. तिथं बेर्नार्दिनो दे साहागुन नावाचा फ्रान्सिस्कन साधू १५२९ मध्ये गेला आणि १५९० ला मरेपर्यंत तिथंच राहिला. अझ्टेक लोकांची भाषा नाहुआत्ल, तीत त्यानं प्रवचनं लिहिली, भजनं लिहिली, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे त्या लोकांचे देव, सण, औषधं, पक्षी, बाजार, लढाया सगळ्याची माहिती देणारी बारा पुस्तकं, आज त्याला फ्लोरेंटाइन कोडेक्स म्हणतात. पान असं की एका बाजूला नाहुआत्ल, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश आणि मधून मधून चित्रं, दोन हजारांच्या वर. पद्धत पण बघण्यासारखी आहे. त्यानं गावातल्या म्हाताऱ्या जाणत्या लोकांना बसवलं, प्रश्नांची यादी केली, त्यांनी आपल्या चित्रलिपीत उत्तरं दिली, आणि त्याच्याच कॉलेजात शिकलेल्या नाहुआ पोरांनी ती अक्षरांत उतरवली. हे कॉलेज त्लातेलोल्कोला १५३६ मध्ये सुरू झालेलं, तिथली पोरं नाहुआत्ल, स्पॅनिश आणि लॅटिन तिन्ही लिहायची. साहागुननं प्रामाणिकपणे त्यांची नावं लिहून ठेवलीत. आंतोनियो व्हालेरियानो, आलोन्सो व्हेगेरानो, मार्तिन हाकोबिता, पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा. १५७६ मध्ये मोठी साथ आली, माणसं पटापट मरायला लागली, तरी काम चालू राहिलं. त्या बाडाच्या शेवटच्या भागातली बरीच चित्रं रंगाविना नुसत्या काळ्या रेषांत आहेत, रंग मिळेनासे झाले आणि रंगवणारे हातही कमी पडले म्हणून.

अमेरिकेत बोस्टनजवळ जॉन एलियट. त्यानं तिथल्या वाम्पानोआग लोकांच्या भाषेत अख्खं बायबल केलं, ते १६६३ मध्ये छापून झालं. अमेरिकेत छापलेलं पहिलं पूर्ण बायबल हे इंग्रजीतलं नाही, या आदिवासी भाषेतलं आहे, हे तिकडच्या लोकांना पण पटकन खरं वाटत नाही. एलियटला भाषा शिकवली ती लढाईत धरून आणलेल्या कोकेनो नावाच्या एका तरुणानं, आणि पुस्तकाचे खिळे जुळवणारा होता जेम्स प्रिंटर, तो पण तिथलाच आदिवासी, धंद्यावरनंच आडनाव पडलेला. पुढं १७०९ च्या एका स्तोत्रपुस्तकावर छापणारा म्हणून त्याचं नाव आलं, तेही दुसऱ्याच्या जोडीनं.

आणि आपल्याकडं विल्यम केरी. बंगालात श्रीरामपूरला बसून त्यानं १८०५ मध्ये मराठी व्याकरण काढलं, मत्तयाचं शुभवर्तमान काढलं, १८१० मध्ये मोडी अक्षरांत कोश काढला. हा माणूस महाराष्ट्रात राहिलेलाच नाही. त्याच्या मराठीमागं फोर्ट विल्यम कॉलेजातले वैद्यनाथ पंडित होते. केरीचं नाव एमपीएससीच्या गाइडात असतं, वैद्यनाथांचं शोधावं लागतं.

तर गुरुजी, "लिहून दिलं" म्हणू नका, "मिळून लिहिलं" म्हणा, मग मी तुमच्या बाजूचा.

ज्यांनी देवळं पाडली त्यांच्या पुस्तकांचं कौतुक मासिकात कशाला? ही पुस्तकं बाटवण्यासाठीच लिहिली होती हे लिहायची हिंमत आहे का?
— एक वाचक, वाई

आहे की. धर्मप्रसारासाठीच लिहिली होती, ते कुणी लपवलेलंही नाही, लिहिणाऱ्यांनी तर मुळीच नाही. सासष्टीतली देवळं १५६७ च्या सुमाराला पाडली गेली, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये आलं, पोथ्या जप्त झाल्या. ख्रिस्तपुराणातच सुरुवातीला प्रसंग आहे, शिकवणी झाल्यावर एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरं एखादं पुराण का देत नाही? म्हणजे बंदी होती म्हणूनच हे पुस्तक जन्माला आलं, हे पुस्तकच सांगतंय. कौतुक करताना हे गाळायचं नाही एवढं मी पाळतो.

पण राग धरूनसुद्धा दोन-तीन गोष्टी बघा. भाषा शिकायला म्हणून जेझुइटांनी रामायण-महाभारताच्या गोष्टी कोंकणी-मराठीत रोमन लिपीत उतरवून घेतल्या. ती बाडं आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या लायब्ररीत आहेत, आणि सोळाव्या शतकातली कोंकणी गद्यात कशी होती हे बघायचं तर तिथंच जावं लागतं. पेरूमध्ये फ्रान्सिस्को दे आव्हिला नावाचा पाद्री मूर्ती शोधून शोधून जाळायचा, आणि त्याच्याच देखरेखीखाली १६०८ च्या सुमाराला हुआरोचिरी भागातल्या देवांच्या कथा केचुआ भाषेत लिहिल्या गेल्या. पुरावा म्हणून गोळा केल्या असतील, खटले भरायला वापरल्या असतील, पण आज त्या लोकांचं जुनं दैवत-पुराण त्यांच्याच भाषेत वाचायचं तर तेवढं एकच बाड उरलंय, माद्रिदला.

आणि सरकार नेहमी या पुस्तकांच्या बाजूनं होतं असं समजू नका. साहागुनची बाडं जप्त करून पाठवा असा हुकूम स्पेनच्या राजानं, दुसऱ्या फिलिपनं, १५७७ मध्ये काढला, कारण तिथल्या लोकांच्या जुन्या चालीरीती त्यांच्या भाषेत लिहून ठेवणंच त्याला धोक्याचं वाटलं. गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. त्या हुकमाखाली ख्रिस्तपुराणाची भाषा पण आलीच. एका पाद्र्यानं सहाशे साच्यांसाठी जीव पाखडला आणि पाऊणशे वर्षांत त्याच्याच राजवटीनं ती भाषा बंद करायला काढली, हे पण तुमच्या रागाच्या हिशोबात धरा.

पणजोबांच्या ट्रंकेत एक बाड निघालंय. लांबट सुटी पानं, काही मोडीत, काही बाळबोध, मधेच येशूचं नाव वाचता येतं. मुलगा म्हणतो लॅमिनेट करू. जुनं असेल तर किंमत किती येईल?
— एक वाचक, सांगली

लॅमिनेट करू नका. परत लिहितो, करू नका. उष्णतेनं प्लास्टिक कागदात कायमचं बसतं आणि मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. सेलोटेप पण नको, वर्षा-दोन वर्षांत डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो.

आधी हे खरंच हातचं आहे का ते बघा. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडं शिळाछापाची पुस्तकं खूप निघाली, दगडावर हातानं लिहून त्यावरनं छापलेली, त्यामुळं नवख्याला ती हस्तलिखितच वाटतात. पान उजेडात तिरपं धरा. बोरूनं लिहिलेलं असेल तर शाई कुठं दाट कुठं फिकी दिसते, बोरू परत दौतीत बुडवला की पुढचं अक्षर एकदम काळं होतं आणि मग हळूहळू उतरत जातं, रेघेच्या शेवटी शाई साठते. शिळाछापात सगळी ओळ एकसारखी सपाट काळी. चुकीच्या जागी पिवळा लेप लावून त्यावर परत लिहिलेलं दिसलं तर ती हरताळ, म्हणजे नक्की हातचं. मग कागद उजेडासमोर आडवा धरा. विलायती कागद असेल तर आत पाणखूण दिसते, कधी कधी त्यात सालही असतं, आणि त्या सालाच्या आधीचं तर ते लिखाण असू शकत नाही, एवढं तरी पक्कं होतं.

तुमचं बाड गोव्यातल्या ख्रिस्तपुराणाची प्रत असण्याची आशा फार धरू नका. आपल्या भागात असं काही निघालं तर ते बहुधा एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातलं, मिशनच्या काळचं असतं. सातारा-वाईला अमेरिकन मराठी मिशन होतं, मिरजेला डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला. त्या काळात ख्रिस्ती कीर्तनं व्हायची, टाळ-वीणा घेऊन, आख्यान लावून, आणि कीर्तन करणारा आपली पदं वहीत उतरवून ठेवायचा. तुमच्या पणजोबांची अशी वही असेल तर माझ्या दृष्टीनं ती छापील पुस्तकापेक्षा मोलाची, कारण तीत गावातली चाल, गावातले शब्द आणि एका घराची आठवण असते, आणि अशा वह्या कुणी जपलेल्याच नाहीत, लग्नकार्यात माळा साफ करताना रद्दीत गेल्या.

किंमतीचं. बाजारभाव मी सांगणार नाही आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधू नका. पंच्याहत्तर वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळं परदेशात लाखो मिळतील म्हणणारा माणूस तुम्हाला गोत्यात आणणार. त्यापेक्षा मोडी जाणणाऱ्याकडनं चार पानं वाचून घ्या, वाईला प्राज्ञपाठशाळेत किंवा पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा, कोल्हापूरला विद्यापीठ आहेच. दाखवलं म्हणजे द्यावंच लागतं असं नाही, फोटो काढून देऊन मूळ बाड घरीच ठेवणारे पण आहेत.

घरी ठेवायचं तर मोबाइलवर प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो आधी काढा, पानांचा क्रम आहे तसाच ठेवून, कारण सुटी पानं एकदा वाऱ्यानं उडाली की मोडी न येणाऱ्या माणसाला ती लावता येत नाहीत. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, वर-खाली दोन पुठ्ठे. डांबरगोळ्या पानात टाकू नका. आणि सांगलीकरांना मी काय सांगायचं, २००५, २०१९, २०२१, कृष्णामाईनं तीनदा दाखवलंय, ट्रंक तळमजल्यावर ठेवू नका. भिजलंच तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, उन्हात पण घालू नका, सावलीत पंख्याखाली मधे टिपकागद घालून हळूहळू वाळू द्या.

लिहिता-वाचता न येणाऱ्या लोकांना हे मिशनरी कसं शिकवायचे? चित्रं काढून का?
— एक वाचक, विटा

हो, मेक्सिकोत चित्रांच्या छोट्या वह्या होत्या, प्रार्थना आणि प्रश्नोत्तरं चित्रांत मांडलेली, ओळीनं बघत जायचं आणि म्हणत जायचं. त्यांना तेस्तेरियन म्हणतात, तेस्तेरा नावाच्या एका साधूवरनं. तळहाताएवढ्या असतात काही. या विषयात मला सगळ्यात आवडणारी वस्तू हीच. आपल्याकडं त्याची गरज पडली नाही, इथं ऐकायची सवय दांडगी होती, एकानं वाचायचं आणि चाळीसांनी ऐकायचं, ख्रिस्तपुराण पण चर्चमध्ये आणि घरात असंच मोठ्यानं वाचलं जायचं. तमिळमध्ये मात्र १५७८ ला कोल्लममध्ये तमिळ अक्षरांतच पुस्तक छापून झालं होतं, आणि स्टीफन्सनं आपल्या पत्रात मलबारकडं बोट दाखवलंय ते याच छापाईसाठी.

ना. वा. टिळक साताऱ्यात राहत होते असं आजी सांगायची. त्यांचं ख्रिस्तायन याच परंपरेतलं का?
— एक वाचक, सातारा, शनिवार पेठ

आजी बरोबर सांगायच्या. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, १९१७ नंतर, टिळक साताऱ्याला आले आणि इथनंच त्यांनी देवाचा दरबार काढला, मिशनच्या चौकटीबाहेर, हिंदू संन्याशासारखं राहून ख्रिस्ताची भक्ती करायची अशी कल्पना. १९१९ ला मुंबईत वारले. ख्रिस्तायन त्यांनी हातात घेतलं खरं, पण दहा-अकरा अध्यायांवर थांबलं आणि पुढचं सगळं लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईनं! परंपरा म्हणाल तर छंद तोच, ओवी. पण स्टीफन्स बाहेरनं आत आला आणि टिळक आतलेच होते, त्यामुळं टिळकांच्या ओवीला कुठं जोर लावावा लागत नाही. वाङ्मय म्हणून मला अजून स्टीफन्सच वरचढ वाटतो, त्याच्या वर्णनांत ताकद आहे. साताऱ्यात हे बोललो की भांडण होतं, होऊ दे.

हे सगळं बघायला लंडन-फ्लोरेन्सला जाणं आम्हाला शक्य नाही. इथल्या इथं काय बघता येईल?
— एक वाचक, इस्लामपूर

गोवा आपल्याला काही लांब नाही. पणजीच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत आणि पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्रात ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती आहेत, जायच्या आधी फोन करून परवानगीचं विचारा, जुनी बाडं सगळ्यांना हातात देत नाहीत. वाचायला हवं असेल तर शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरीत काढलेली आवृत्ती मोठ्या लायब्रऱ्यांत सापडते, मार्सडेन प्रतीवरनं कारिदाद द्रागो यांनी १९९६ मध्ये काढलेली वेगळी, आणि नेल्सन फलकाव यांनी केलेला गद्य अनुवाद पण आहे, जुन्या ओवीला अडखळत असाल तर तिथनं सुरुवात करा. फ्लोरेंटाइन कोडेक्स सगळाच्या सगळा इंटरनेटवर फुकट आहे, पान मोठं करून बघता येतं, बाजार आणि पक्ष्यांची पानं आधी उघडा. मोबाइलवर मजा नाही, पोराचा लॅपटॉप घ्या.